घुबड आपल्याकडे का बघतंय?

मागच्या वेळी आपण व्यक्तिचित्राबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, पक्ष्याचा फोटो हे व्यक्तिचित्र असतं का?" तेव्हा वेळ संपली होती, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे उत्तरही तयार नव्हतं. आज त्या प्रश्नाकडे येऊ, पण एकाच पक्ष्याच्या आणि एकाच तऱ्हेच्या फोटोच्या वाटेने.

पडद्यावर बघा. हे हिमघुबड, इंग्रजीत स्नोई आऊल. खाली बर्फ, वर राखाडी आभाळ, आणि दोन्ही एकमेकांत असे विरघळलेले की पार्श्वभूमी म्हणून काही उरलेलीच नाही. मधोमध पांढरा पक्षी. पंख पूर्ण उघडलेले, पंजे पुढे आलेले, आणि दोन पिवळे डोळे थेट तुमच्यावर रोखलेले. हा फोटो कुणी काढला हे आम्ही सांगणार नाही, कारण आमचं भांडण एका माणसाशी नाही. उत्तर अमेरिकेत ज्या हिवाळ्यात ही घुबडं खाली उतरतात त्या हिवाळ्यात असे फोटो ढिगाने निघतात, आणि ते इतके एकसारखे असतात की एकाच्या जागी दुसरा ठेवला तरी कुणाच्या लक्षात येऊ नये. आता ही एक ठरलेली शैली झाली आहे, आपल्याकडच्या लग्नाच्या अल्बमसारखी. आणि शैली म्हटली की समीक्षकाने तिला प्रश्न विचारायलाच हवेत.

पहिला प्रश्न अगदी बाळबोध आहे. हे घुबड आपल्याकडे का बघतंय?

तुम्ही म्हणाल, त्यात काय, समोर माणूस आहे म्हणून बघतंय. बरोबर. पण फोटो बघताना तुमच्या मनात हे उत्तर येत नाही. तुमच्या मनात येतं, "अहाहा, काय नजर आहे!" घुबडाचे दोन्ही डोळे माणसासारखे समोर असतात. कावळ्याचा किंवा बगळ्याचा आपल्याला चेहरा जाणवत नाही, चोच जाणवते. घुबडाचा मात्र चेहरा जाणवतो. म्हणून हा पक्षी लहान मुलांच्या पुस्तकांत शहाणा ठरला आणि आपल्याकडे अपशकुनी. दोन्ही आरोप त्या चेहऱ्यामुळेच. आणि चेहरा दिसला की व्यक्तिचित्राची सगळी सवय आपण त्याला लावतो. माणसाच्या व्यक्तिचित्रात समोर बसलेला जेव्हा आपल्याकडे बघतो, तेव्हा तो काहीतरी देत असतो. त्याला ठाऊक असतं की आपलं चित्र काढलं जातंय. त्याने होकार दिलेला असतो, किंवा निदान तो द्यायचा की नाही हा प्रश्न त्याच्यापुढे आलेला असतो. त्या नजरेतली जवळीक त्या होकारातून येते.

घुबडाचं काय? घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत. ते हाडाच्या कड्यात घट्ट बसलेले असतात. बाजूला बघायचं तर त्याला सगळी मान वळवावी लागते, आणि ती ते २७० अंशांपर्यंत वळवू शकतं. याचा अर्थ बघा. आपण एखाद्याकडे सहज, तिरक्या डोळ्यांनी बघू शकतो. घुबडाला तशी सोय नाही. ते तुमच्याकडे बघतंय याचा अर्थ त्याने आपलं अख्खं डोकं तुमच्या कामाला लावलं आहे. स्वस्थ असलेलं हिमघुबड दिवसा वाळूवर नाहीतर खांबावर बसून असतं, डोळे चिरेसारखे मिटलेले, पिसं सैल, अंगाचा गोळा झालेला. धोका जाणवला की ते ताठ होतं, पिसं अंगासरशी बसतात, मान लांबते आणि डोळे सताड उघडतात. छायाचित्रकाराला आवडतो तो नेमका हाच क्षण. म्हणजे ज्याला आपण "काय नजर आहे" म्हणतो तो धोक्याचा अंदाज घेणं चालू असल्याचा पुरावा असतो. आपण ती नजर ओळख म्हणून वाचतो. ती असते मोजमाप.

हे आम्हाला पुस्तकातून कळलेलं नाही. एका हिवाळ्यात आम्ही लेकीकडे बॉस्टनजवळ होतो. बॉस्टनच्या उत्तरेला प्लम आयलंड म्हणून एक लांबट बेट आहे. एका अंगाला खारट दलदल, दुसऱ्या अंगाला वाळूच्या टेकड्या आणि समुद्र. बेटाचा बराचसा भाग अभयारण्यात मोडतो. हिमघुबडाचं मूळ घर म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीचा टुंड्रा, जिथे झाड नाही. ते घरटं करतं जमिनीवर आणि जगतं मुख्यतः लेमिंग नावाच्या उंदरासारख्या प्राण्यावर. काही हिवाळ्यांत ते मोठ्या संख्येने दक्षिणेला उतरतं. २०१३-१४ साली तर ही घुबडं थेट फ्लोरिडा आणि बर्म्युडापर्यंत पोचली होती. उतरल्यावर ते शोधतं घरासारखीच जागा, सपाट आणि उघडी. म्हणून ते किनाऱ्यावर दिसतं आणि विमानतळांवरही. आम्ही गेलो तो किनारा प्लम आयलंडच्याच पट्ट्यातला, पण सगळ्यांसाठी खुला.

आमचे जावई हौशी छायाचित्रकार. त्यांच्याकडे सहाशेची लेन्स आहे, म्हणजे ६०० मिलिमीटरची. ती लेन्स घरात आली तेव्हा लेकीने आम्हाला फोनवर सांगितलं होतं, "बाबा, आमच्याकडे तोफ आली." ती तोफ घेऊन आम्ही सकाळी पोचलो तर तिथे आधीच दहा-पंधरा जण ट्रायपॉड लावून ओळीत उभे. घुबड लांब एका वाळूच्या उंचवट्यावर. आम्हाला ते आधी कुणीतरी विसरलेली पांढरी पिशवीच वाटली. दुर्बिणीतून पाहिलं तर झोपलेलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. थंडीने कान बधिर झाले. मग कुणीतरी ट्रायपॉड उचलून दहा पावलं पुढे गेला. वाईट हेतू नव्हता हो त्याचा. पण तो पुढे गेल्यावर बाकीच्यांच्या चौकटीत त्याची पाठ येऊ लागली, तेव्हा बाकीचेही दहा पावलं पुढे. रेशनच्या रांगेसारखं. पुन्हा कुणीतरी पाच पावलं. कुणीच घुबडाला हुसकावत नव्हतं, प्रत्येक जण फक्त शेजाऱ्याच्या बरोबरीने उभा राहत होता. आणि आम्ही? आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलेले आम्ही त्या रांगेत होतो. आमच्या हातात तर कॅमेराही नव्हता. तेव्हा मोतीबिंदू काढलेला नव्हता, नीट दिसत नव्हतं, म्हणून आम्हीही सरकत होतो. आणि शेवटी दुर्बीण डोळ्याला लावलेल्या अवस्थेत रांगेच्याही चार पावलं पुढे गेलो.

घुबड उठलं. ताठ झालं. डोळे उघडले. मागून लाह्या फुटाव्यात तसे शटर वाजायला लागले. मग ते उडालं, पलीकडच्या दलदलीवर गेलं, आणि तिथे गल पक्षी ओरडत त्याच्यामागे लागले. बाजूची एक बाई आमच्याकडे बघून काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. जावयांना मात्र त्या दिवशीचा सर्वोत्तम फोटो मिळाला. उठलेल्या, ताठ मानेच्या, टक्क उघड्या डोळ्यांच्या घुबडाचा. तो फोटो मोठा करून त्यांनी आम्हाला भेट दिला आणि तो पुण्यात आमच्या दिवाणखान्यात लागलेला आहे. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, "काय नजर आहे!"

आता लेन्सबद्दल. लांब पल्ल्याची लेन्स आली तेव्हा ती एक नैतिक प्रगती म्हणून आली होती, आणि ते खोटं नव्हतं. आधीचा इतिहास बघा. ऑड्युबनने 'बर्ड्स ऑफ अमेरिका'मध्ये हिमघुबडाची जोडी रंगवली आहे. वादळी रात्र, मोडकी फांदी. चित्र अप्रतिम आहे. पण त्याची पद्धत अशी, की पक्षी आधी बंदुकीने मारायचा, मग तारा घालून हवा तसा मांडायचा, मग रंगवायचा. कॅमेरा आल्यावर मारायची गरज उरली नाही, पण जवळ जावं लागायचं. इंग्लंडचे एरिक हॉस्किंग घुबडांच्या फोटोंसाठी प्रसिद्ध होते. ते लपणात बसून अगदी जवळून फोटो काढत. १९३७ साली वेल्समध्ये रात्री लपणाकडे जात असताना एका टॉनी आऊलने झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा गेला. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिलं त्याचं नाव 'ॲन आय फॉर अ बर्ड'. असा विनोद करायला मोठं मन लागतं. पण आम्हाला त्या प्रसंगात दुसरं काही दिसतं. तिथे अंतर दोन्ही बाजूंनी खरं होतं. माणूस घुबडाच्या टप्प्यात होता, म्हणून घुबडालाही त्या व्यवहारात म्हणणं होतं. सहाशेच्या लेन्समागे उभ्या असलेल्या माणसाचा डोळा कधीच जात नाही.

लेन्सने दिलेलं वचन असं, की तू लांब थांब, मी तुला जवळचं दाखवते. ते वचन ती का पाळू शकत नाही, याचं एक साधं गणित करू. बसलेलं हिमघुबड साधारण ६० सेंटिमीटर उंच धरा. ते १०० मीटरवर आहे. ६०० मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची प्रतिमा सेन्सरवर पडते ३.६ मिलिमीटर उंचीची. मोठ्या सेन्सरची उंची असते २४ मिलिमीटर. म्हणजे इतका खर्च करून, तीन-चार किलोचं धूड वाहून, पक्षी चौकटीच्या उंचीचा जेमतेम सातवा हिस्सा भरतो. अर्धी चौकट भरायची तर ३० मीटरवर जावं लागतं. त्यात दिवस वर आला की जमिनीवरून हवेच्या लहरी उठतात, आणि लांबून काढलेल्या फोटोत पिसं पाण्याखाली असल्यासारखी हलतात. त्यावर महागातली महाग लेन्स काही करू शकत नाही. उपाय एकच, जवळ जा. तेव्हा लेन्सने भूक भागत नाही, वाढते. ज्याच्याकडे साधा कॅमेरा आहे तो १०० मीटरवरून घुबड बघतो, हात जोडतो आणि घरी जातो. ज्याच्याकडे सहाशेची आहे त्याला १०० मीटर म्हणजे अपयश वाटतं.

इथे आम्हाला एडवर्ड बुलो आठवतो. आमच्या पिढीच्या विद्यार्थ्यांना सौंदर्यशास्त्राच्या पेपरला तो असायचाच. १९१२ साली त्याने मानसिक अंतराची कल्पना मांडली. समुद्रावर धुकं पडलं की प्रवासी घाबरतात, वैतागतात. पण स्वतःची काळजी क्षणभर बाजूला ठेवली तर तेच धुकं विलक्षण सुंदर दिसतं. म्हणजे कलानुभवाला अंतर लागतं. अंतर फार झालं तर वस्तू परकी होते, फार कमी झालं तर आपण तिच्यात आपले हेतू घुसडतो. आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, सर, बुलोचं अंतर मनातलं, तुम्ही मीटरमधलं घेऊन बसलात. आक्षेप योग्य आहे. एरवी ही गल्लत आम्ही विद्यार्थ्याच्या पेपरात लाल शाईने खोडली असती. पण या एका शैलीत ही दोन अंतरं एकमेकांत अडकलेली आहेत असं आमचं म्हणणं आहे. पक्षी तिथे बसून राहिला, कारण आपण लांब होतो. त्याचं असणंच त्या अंतरावर उभं होतं. फोटोतून मात्र ते अंतर पुसलं जातं. मागचं सगळं धूसर, पुढचं सगळं धूसर, किनारा नाही, रस्ता नाही, पंधरा ट्रायपॉड नाहीत. उरतो कुठेही नसलेला पक्षी, आणि तो आपल्यासाठी आहे असं वाटू लागतं. आमचा आक्षेप फोटोच्या सौंदर्यावर नाही. त्या सौंदर्याची अट काय होती ते फोटो लपवतो, यावर आहे.

सगळ्यात उघड लपवाछपवी आमिषाची. दुकानातून पांढरे उंदीर विकत आणायचे, बर्फावर सोडायचे, आणि घुबड झेपावलं की समोरून फोटो काढायचा. उत्तर अमेरिकेत हा प्रकार चालतो आणि त्यावर कडाक्याचे वादही होतात. सुरुवातीला दाखवलेल्या फोटोत पंजे पुढे आहेत आणि नजर खाली-समोर आहे. चौकटीच्या खालच्या कडेबाहेर काय होतं हे आम्ही सांगू शकत नाही. समीक्षकाची ही अडचण खरी आहे. चित्र बघून सगळं कळत नाही. लंडनच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत जिवंत आमिष चालत नाही. याच स्पर्धेत फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला २००९ चा सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता, आणि लांडगा पाळलेला असावा असा निष्कर्ष निघाल्यावर २०१० मध्ये तो काढून घेतला गेला. फोटोतला एक ठिपकाही बदललेला नव्हता. बदललं ते फक्त त्यामागचं वाक्य. फोटो खोटा नव्हता हो, पण तो जे सांगत होता ते खोटं होतं.

दुसरी बाजू मांडायला हवी, नाहीतर हे व्याख्यान प्रवचन होईल. छायाचित्रकार म्हणतात, आमच्या फोटोंमुळेच लोकांना या पक्ष्याचं प्रेम वाटतं. हे बरंचसं खरं आहे. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर विमानांना धोका म्हणून हिमघुबडं गोळ्या घालून मारली गेली. लोक इतके संतापले की काही दिवसांतच पकडून दूर नेऊन सोडण्याचं धोरण जाहीर झालं. बॉस्टनच्या लोगन विमानतळावर हे काम १९८१ पासून चाललेलं होतंच. ज्या लोकांनी संताप केला त्यांनी हिमघुबड पाहिलं होतं ते बहुतेक फोटोतच, किंवा हॅरी पॉटरच्या हेडविगमध्ये. प्रेमाचं मात्र काही सांगता येत नाही. २०१० साली तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी आपल्याकडच्या घुबडांच्या चोरट्या व्यापाराचा थोडा दोष हॅरी पॉटरच्या वेडाला दिला होता. आणखी एक गोष्ट. खाली उतरलेली सगळी घुबडं उपाशी, मरायला टेकलेली असतात, असं फोटोवाल्यांचे टीकाकार नेहमी सांगतात. संशोधकांनी ती पकडून तपासली तेव्हा बरीचशी चांगली धष्टपुष्ट निघाली. लेमिंगचं पीक आलं की पिल्लं खूप जगतात, म्हणून गर्दी खाली सरकते. तेव्हा करुणेचा खोटा आधार आम्हाला नको. जागतिक पातळीवर २०१७ पासून हा पक्षी संकटग्रस्त यादीत आहे, तेवढं पुरेसं आहे. आणि झोपलेल्याला उगाच उठवू नये हे कळायला तो उपाशी असण्याची गरज नाही.

मग चांगला फोटो कोणता? आम्हाला आवडणारा हा दुसरा फोटो बघा. जानेवारी २०१६, मॉन्ट्रियल. महामार्ग ४० वर वाहतुकीवर लक्ष ठेवणारा सरकारी कॅमेरा. त्याच्या समोरून एक हिमघुबड उडत गेलं आणि कॅमेऱ्याने ते टिपलं. खात्याच्या मंत्र्यांनी ते फोटो प्रसिद्ध केले, आणि जगभर पसरले. हिमघुबड हा क्विबेकचा राज्यपक्षी, त्यामुळे तिथे कौतुक जास्तच. पंख पूर्ण उघडलेले, चेहरा कॅमेऱ्याच्या दिशेने. म्हणजे पहिल्या फोटोत होतं ते सगळं इथे आहे. खाली रस्ता, गाड्या, दिव्याचे खांब. चित्र थोडं भुरकट. छायाचित्रकार कुणीच नाही.

तुम्ही आम्हाला पकडणार हे दिसतंय. इथेही घुबड आपल्याकडेच बघतंय, मग तुमच्या सिद्धान्ताचं काय? आम्ही यावर बराच विचार केला. हे घुबड बघतंय ते खांबाकडे, बसायला जागा आहे का म्हणून. माणूस म्हणून आपण त्याच्या हिशोबात नाही. या नजरेत आपण नाही, म्हणूनच ती बघताना अंगावर काटा येतो. आणि खालचा महामार्ग चौकटीत राहिल्यामुळे ते कुठून कुठे चाललंय, कशाच्या वरून चाललंय, हे सगळं शाबूत आहे. अर्थात हा अपघात आहे. अपघातावर शैली उभी राहत नाही. उद्या कुणी म्हणेल की सगळ्यांनी खांबावर कॅमेरे लावून घरी बसावं, तर तेही आम्हाला मंजूर नाही. थंडीत कान बधिर होऊन दोन तास उभं राहण्यात काहीतरी मोलाचं आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आमची मागणी इतकीच, की ते दोन तास आणि ते शंभर मीटर फोटोत यावेत. पक्षी लहान दिसू दे. झोपलेला दिसू दे.

आपल्याकडे हिमघुबड येत नाही, पण ही सवय आलेली आहे. भिगवणला उजनीच्या पाण्यात आम्ही रोहित पक्षी बघायला गेलो होतो. होडीवाल्याने मोठ्या अदबीने विचारलं, "सर, उडवून दाखवू?" त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. उडतानाचा फोटो मागणारी गिऱ्हाइकं त्याला रोज भेटतात.

दिवाणखान्यातल्या फोटोचं सांगायचं राहिलं. हे व्याख्यान तयार करताना आम्ही जावयांना फोन केला. म्हटलं, त्या दिवशीचा तो पहिला फोटो पाठवा, घुबड लांबवर पिशवीसारखं दिसत होतं तो. तोच आज पडद्यावर दाखवायचा होता. ते म्हणाले, "बाबा, त्या दिवशी हजाराच्या वर फ्रेम झाल्या होत्या. झोपलेल्या सगळ्या मी गाडीत बसल्या-बसल्याच डिलीट केल्या." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही तो भिंतीवरचा काढून ठेवणार आहात का?"

अजून काढलेला नाही. सौ.ना तो आवडतो.

प्रश्न असतील तर घेऊ.